पण सोडायचा पण

रविवार, ३ तारीख

आमच्या चर्चच्या नव्या पाळकांनी आज सगळ्या मंडळीला गृहपाठ दिला. वयाने इतके कोवळे आहेत की झगा त्यांना खांद्यांत अजून सैल बसतो. (तो झगा आमच्याच लाँड्रीत धुवायला येतो, म्हणून हे मी अधिकाराने लिहितो.) म्हणाले, "विश्वास धरला त्या दिवशी आपण प्रभूचे झालो. प्रभूसारखं व्हायला मात्र सगळा जन्म लागतो. तेव्हा या महिन्यात प्रत्येकाने आपलं एक पाप निवडा. सगळी नकोत, एकच. आणि त्याचा पिच्छा पुरवा."

कल्पना चांगली आहे, पण माझी पंचाईत झाली. घरी येऊन ही वही उघडली आणि पाप शोधायला बसलो. चोरी, नाही. व्यसन, नाही. खोटं बोलणं म्हणाल तर गिऱ्हाइकाला "उद्या नक्की देतो" म्हणतो तेवढंच, पण ते धंद्यात मोडतं. बाकीच्या भानगडींना वेळ कुठे आहे? दिवसभर हातात इस्त्री. आळस नाही, उधळेपणा नाही, उपासना कधी चुकवलेली नाही. जेवायची हाक येईपर्यंत बसलो आणि शेवटी "चहात साखर जास्त घेतो" असं लिहून वही मिटली.

एवढ्या वयाच्या माणसाला निवडायला पाप सापडू नये, ही म्हटलं तर समाधानाची गोष्ट आहे.

सोमवार, ४

साखरेचं काही मनाला पटेना, म्हणून चार माणसांना विचारावं म्हटलं. चार नव्हती, तीन होती.

पहिलं हिला विचारलं, "माझ्यात एखादं पाप दिसतं का गं?" ही इतकी हसली की हातातला डाव पातेल्यात पडला. मग डोळे पुसत म्हणाली, "एकच निवडायचंय ना?" आणि परत हसायला लागली. बायकांशी गंभीर बोलायची सोय नाही.

मग दुकानात धाकट्याला विचारलं. आमची लाँड्री वडिलांची. पुढे काउंटर आणि इस्त्री माझ्याकडे, मागे पडद्याआड डाग काढायचं काम माझ्या धाकट्या भावाकडे. त्याने लग्न केलं नाही, दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो, दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडे. बोलतो कमी. म्हटलं, "मोकळेपणाने सांग, भाऊ म्हणून." त्याने एका शर्टाचा कफ उलटून पाहिला. मग म्हणाला, "राहू दे, दादा."

म्हणजे त्यालाही सापडलं नाही.

शेवटी आत्या. वडिलांची बहीण, जन्मभर नर्स होती, आता आमच्या मागच्या खोलीत असते आणि खिडकीतून रस्त्यावर देखरेख करते. माझा प्रश्न ऐकून चष्म्यावरून बघत म्हणाली, "ऐकायची तयारी झाली की ये." तयारी करूनच तर आलो होतो!

बुधवार, ६

आजचा दिवस कोणाला लागू नये.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा कोट आला होता. मोतिया रंगाचा, भारी कापड, बाहीवर कॉफी सांडलेली. आमच्या धाकट्याची एक पद्धत आहे. डाग पुरता निघाला नसेल तर तो जवळच्या शिवणीत निळ्या दोऱ्याचा एक टाका घालून गाठ मारतो. निळा दोरा दिसला की समजायचं, काम चालू आहे, इस्त्री फिरवायची नाही. कारण गरम इस्त्री लागली की डाग कापडात मुरतो आणि मग घरच्यासारखा राहतो.

आज मी त्या कोटावर इस्त्री फिरवली. खरं सांगायचं तर दोरा ओझरता दिसला होता, पण गर्दीची वेळ, मला वाटलं काढायचा राहून गेला असेल. बाही उचलून बघतो तर कॉफी अशी खुलून आलेली की जणू कापडाचाच रंग.

दुपारी बाई आल्या. मी लगेच माफी मागितली. मोठ्या मनाने मागितली. म्हटलं, "माफ करा बाई, पण आमच्या धाकट्याने दोरा बांधायला हवा होता, तो बांधला नाही. मी तरी काय करणार?" धाकटा पडद्याशीच उभा होता. पुढे आला, कोट हातात घेतला, "थोडे दिवस द्या बाई, बघतो," एवढंच म्हणाला आणि आत गेला. बाई समजूतदार आहेत. शनिवारच्या भाषणाला दुसरा कोट घालते म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाला धाकटा आला नाही. पोट बरं नसेल.

ताटं उचलताना ही म्हणाली, "आज माफी मागितलीत म्हणे."

"मागितली. मला त्यात कमीपणा वाटत नाही."

"तुमच्या माफीत 'माफ करा' असतं एवढंसं," तिने चिमूट दाखवली, "आणि 'पण'च्या पुढे चऱ्हाट. आणि त्या चऱ्हाटाने दर वेळी भाऊजींनाच बांधता."

मी म्हटलं, "तुझं बरोबर असेल, पण..."

तिने पुन्हा चिमूट दाखवली. मी जीभ चावली.

गुरुवार, ७

सकाळी दाढी करताना लक्षात आलं की प्रभूने माझी अडचण सोडवली आहे. पाप सापडलं! आणि किती सुटसुटीत, एका शब्दाचं. "पण" म्हणायचं नाही, की झाला गृहपाठ. आजपासून पण सोडायचा असा मी पण केला आहे. (आपल्या भाषेची गंमत बघा, सोडायचा तोही पण आणि करायचा तोही पण.)

हिला सांगितलं. ती म्हणाली, "बघू." आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "हं." धाकट्याला सांगणार होतो, तो कोट पालथा घालून बाहीवर वाकला होता. खाली पांढरं फडकं, वरून थेंब थेंब औषध, आणि कडेकडून मध्याकडे टिपणं. मी म्हटलं, "अरे जरा जोर लावून घास." तो म्हणाला, "घासलं की पसरतो, दादा."

शनिवार, ९

पण सुटला! काल आणि आज मिळून एकदाही म्हटलेलं नाही. अवघड वाटलं होतं, इतकं काही नाही. जिथे तो शब्द यायचा तिथे मी "मात्र" म्हणतो. सकाळी हिला म्हटलं, "माझी चूक झाली, मात्र तू दूध गॅसवर ठेवून गेलीस." दुपारी "परंतु" वापरला. संध्याकाळी "एवढंच की" सापडलं, ते तर फारच सोज्वळ आहे.

ही म्हणाली, "हे सगळे पणचेच चुलतभाऊ."

तिचं बरोबर आहे, एवढंच की... असो.

रविवार, १०

उपासना झाल्यावर पाळकांना गाठून सांगितलं, "माझं पाप आटोपलं. दुसरं असलं तर द्या." ते हसले. मला वाटलं शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "घरच्यांना फरक जाणवतोय का?" म्हटलं, "घरच्यांचं काय, त्यांना सवय झालीय." हे मी कौतुकाने म्हटलं होतं. त्यांनी मान खाली घालून झग्याची बाही ठीक केली.

बाहीच्या टोकाला मेणाचा डाग होता. घरी आल्यावर धाकट्याला सांगायचं राहिलं.

मंगळवार, १२

धाकट्याने आज स्वतःचा सूट इस्त्रीला टाकला. आई गेली तेव्हा शिवलेला, त्यानंतर कपाटाबाहेर आला नव्हता. म्हटलं, "काय रे, कुणीकडे?" म्हणाला, "दाताच्या डॉक्टरांकडे." दाढ दुखते म्हणे. दाढेसाठी सूट! मी त्याची यथेच्छ चेष्टा केली. तो हसला आणि गेला. बूटसुद्धा चकचकीत केले होते. उतारवयात माणसाला नटायची हौस येते, ती याला जरा लवकर आली.

दुसरी आनंदाची गोष्ट, ही आता दुकानाच्या कामात रस घेऊ लागली आहे. संध्याकाळी परत आल्यावर धाकटा तिला मागच्या फळीवरच्या बाटल्या समजावून देत होता. ही शाईला, ही तेलाला, ही रेशमाला कधी लावायची नाही. प्रत्येक बाटलीवर त्याने चिठ्ठी चिकटवली आहे. बॉयलरच्या बटणांवरही. इतकी वर्षं सांगत होतो की मागची बाजू नीट लावून ठेव, शेवटी डोक्यात प्रकाश पडला म्हणायचा.

गुरुवार, १४

डॉक्टरीणबाई दुकानासमोरून चालल्या होत्या. मी हाक मारून विचारलं, "आमच्या धाकट्याची दाढ काय म्हणते?" त्यांनी विचारलं, "कुठली दाढ? ते तर माझ्याकडे कधीच आले नाहीत."

बिचारा. कोटाच्या भानगडीमुळे त्यांच्याकडे जायला लाजला आणि दुसऱ्या कोणाकडे गेला. मी मुद्दाम विषय काढला नाही. समजून घेणारा भाऊ आहे मी.

कोटाचं काम चालूच आहे. रोज थोडं टिपतो, वाळवतो, परत टिपतो. डाग चहाइतका फिका झालाय.

शुक्रवार, १५

नाचावंसं वाटतंय! नदीपलीकडच्या मोठ्या हॉटेलातून दुकानात फोन आला. धाकटा बाहेर गेला होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमच्या भावांना सांगा, गणवेशाचं माप द्यायला या म्हणावं." म्हणजे हॉटेलचे गणवेश आमच्याकडे येणार! एवढं मोठं काम वडिलांच्या काळातही आलं नव्हतं. आणि माप कसलं, तर कपाटाचं असणार, गणवेश टांगायला. हा गडी गुपचूप सूट घालून जाऊन काम पटकावून आला आणि मला दाढेची थाप मारली! रविवारी जेवताना सगळ्यांदेखत जाहीर करीन. त्याला वाटेल दादाला पत्ता नाही.

रविवार, १७

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

सगळे टेबलाशी बसले होते. मी पेला चमच्याने वाजवला आणि हॉटेलच्या गणवेशांचं जाहीर केलं. धाकट्याच्या पाठीवर थापही मारली. कोणी टाळी वाजवली नाही. आत्या आपल्या सूपकडे बघत राहिली. ही उठून पाणी आणायला गेली, जग भरलेला असताना.

धाकटा म्हणाला, "दादा, तो गणवेश माझा आहे."

मी हसलो. वाटलं, गंमत करतोय.

"पहिल्या तारखेपासून मी तिथे जातोय. त्यांच्या लाँड्रीत, डागांच्या कामावर. मागे एक खोलीही देतायत."

"म्हणजे दाढ..."

"मुलाखत होती."

मी हिच्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. दोघींना माहीत होतं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आता मला कळल्या. सगळ्या घरात मीच एकटा येडा.

म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

तो शांतपणे म्हणाला, "सांगितलं असतं तर तू माफी मागितली असतीस, दादा. मला आणखी एक ऐकवली नसती."

सोमवार, १८

दिवसभर मस्तकात आग. मीच त्याला कामाला लावलं, मीच सांभाळलं, दोन्ही वेळा माझ्या घरी जेवतो, आणि हे फळ! एका शर्टाची कॉलर रागाने इतकी दाबली की कडक पापड झाली. धाकटा पडद्याआड होता. आमच्यात पडदा एकच आहे. आज तो भिंतीसारखा होता.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. म्हटलं, "तयारी झाली. ऐकव."

तिने खिडकी लावली. तिला मी रागाची सगळी कहाणी सांगितली आणि म्हटलं, "मी त्याची माफी मागतो. या वेळी पण नाही, मात्र नाही, काही नाही. अगदी कोरी माफी. म्हणजे तो थांबेल."

आत्या म्हणाली, "ही माफी आहे की गळ? मासा धरायला चाललायस का?"

मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसलो.

"शब्द सोडलास हे बरं केलंस. मीपणातलं 'पण' गेलं. 'मी' आहे की तसाच, पाय पसरून बसलेला."

मला रडू आलं. या वयात आत्यासमोर रडलो, लिहायला लाज वाटत नाही. तिने रुमाल दिला आणि म्हणाली, "नीट पूस, नर्सच्या घरचा रुमाल आहे." मग आपलीच गोष्ट सांगायला लागली. तरुणपणी तिला गायनमंडळातल्या एका बाईच्या आवाजाचा हेवा वाटायचा. इतका, की ती बाई आजारी पडली तेव्हा आत्याने प्रार्थना केली आणि मधेच थांबून तपासलं, आपण नक्की काय मागतोय. पुढे ती बाई गेली. आत्याला वाटलं, हेवा संपला.

"संपला का?" मी विचारलं.

"कुठला! आता समोरच्या म्हातारीच्या गुडघ्यांचा वाटतो. बघ कशी जिने चढते, टवळी."

"मग एवढ्या वर्षांच्या प्रार्थनेने फरक काय पडला?"

ती म्हणाली, "पूर्वी हेवा आला की मी त्याला बसवून जेवायला वाढायची. आता दारातच ओळखते. आणि आत हाक मारते, प्रभू, हा परत आलाय, तूच बघ. कधी लगेच जातो, कधी पायरीवर बसून राहतो. मी आपली उपाशी ठेवते."

मी उठलो तेव्हा तिने विचारलं, "तू धाकट्याला कोणासमोर बोललास?"

"डॉक्टरीणबाईंसमोर."

"आणि माफी स्वयंपाकघरात मागणार?"

बुधवार, २०

काय बोलायचं ते इस्त्री करता करता जुळवत होतो. दर वाक्याला शेपूट फुटत होतं. शेपटं कापत कापत तीन वाक्यं उरली. दोरा होता. मी तो पाहिला होता. इस्त्री मी फिरवली.

मधल्या वाक्याशी अडलो. मी बाईंना सांगितलं होतं की दोरा नव्हताच. मागची पानं उलटून वाचली. पहिल्या रविवारी ऐटीत लिहिलंय, खोटं बोलत नाही म्हणून. आणि तीनच दिवसांनी, दोरा दिसला होता हेही माझ्याच हाताने लिहिलंय, आणि पुढच्याच परिच्छेदात तो नव्हता असं बाईंना सांगितल्याचंही. लिहिताना मला दोन्हींत काही वावगं दिसलं नाही! कान गरम झाले. साखरेवर कसला गृहपाठ करत होतो मी?

प्रभू, मला वाटलं होतं एक शब्द काढून टाकला की झालं. हे तर कापडात मुरलंय. तूच टीप बाबा. मी घासतो आणि पसरवतो.

शुक्रवार, २२

डॉक्टरीणबाई कोट न्यायला आल्या. धाकट्याने आतून आणून दिला. डाग जवळजवळ गेलाय. उजेडात तिरपा धरला तर बाहीवर एक पुसट सावली दिसते, तेवढी राहणार. बाई म्हणाल्या, "अहो, हे तर कोणाला दिसायचंही नाही. तुम्ही कमाल केलीत." धाकटा परत पडद्याकडे वळला.

मी म्हटलं, "थांब."

मग बाईंकडे बघून म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी खोटं बोललो. दोरा होता. मी तो पाहिला होता. इस्त्री मी फिरवली."

आणि थांबलो. थांबणं फार जड गेलं. तोंडात पुढचं वाक्य तयार होतं, अगदी खरं वाक्य, की त्या दिवशी दुकानात गर्दी होती. ते गिळलं. घशाला लागलं.

बाई वाट बघत राहिल्या. धाकटाही पडदा हातात धरून उभा होता. शेवटी तोच म्हणाला, "पण?"

"पण नाही. एवढंच आहे. माझं चुकलं, तुझं नाव पुढे केलं. माफ कर."

बॉयलरने तेवढ्यात वाफ सोडली. बाईंनी कोट हातावर घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या खुर्चीत बसून सगळे हेच म्हणतात. रोज दोनदा घासतो डॉक्टर, पण! पहिल्यांदाच कोणी तिथे थांबलेलं पाहिलं." आणि हसत गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. धाकटा काउंटरवरचा हँगर उगाच सरळ करत होता. म्हणाला, "दादा, मी जाणार आहे."

"माहीत आहे."

"ठरलंय ते."

"जा. तिथे तुझं नाव होईल." हे मी मनापासून म्हटलं का? अर्धं. उरलेलं अर्धं अजूनही ओरडत होतं, थांब म्हण, थांब म्हण त्याला. त्याने जाऊ नये असं मला वाटतं. लहानपणी आम्ही एका अंथरुणात झोपायचो, त्याचे गार पाय मी माझ्या पोटऱ्यांत घ्यायचो. हे त्याला सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर तोही गळच झाला असता, म्हणून इथे लिहितो.

तो पडद्याआड गेला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "पण रविवारी जेवायला येत जाईन. वहिनीला सांग."

जो शब्द सोडायला मी जिवाचा आटापिटा केला, तो इतका गोड लागेल असं वाटलं नव्हतं.

शनिवार, ३०

धाकट्याचं सामान हलवलं. एक पेटी, एक कपाट, पुस्तकं. कपाट जिन्यावरून उतरवताना त्याचा कोपरा माझ्या नडगीवर आदळला आणि मी कळवळून ओरडलो, "नीट धर की, गाढवा!" मग लगेच, "माफ कर, पण तूच..."

जिन्यात वर ही, खाली गाडीवाला, मधे आम्ही दोघं आणि कपाट. धाकट्याने कपाटाआडून डोकं काढून विचारलं, "हं, मीच काय?"

"काही नाही. तू चाल."

ही जिन्यात बसून हसली. गाडीवाल्याला कारण कळलं नाही, तोही हसला. कपाट आमच्या दोघांच्या हातांत तसंच लोंबकळत होतं आणि आम्हालाही हसू आवरेना.

तो गेल्यावर दुकानाची पडद्यामागची बाजू फार मोठी वाटली. दुकान बंद करायच्या वेळी ही त्याच्या जागी उभी राहून चिठ्ठ्या वाचत एका टेबलक्लॉथवर थेंब टाकत होती. मी पुढून म्हटलं, "जोर लाव जरा." ती म्हणाली, "पुढे जा तुम्ही." गेलो.

रविवार, ३१

सकाळी चर्चला जायला माझा काळा कोट काढला. तो परवाच धाकट्याने माझ्यासाठी धुऊन, कव्हर घालून टांगून ठेवला होता. अंगात घातला तर ही म्हणाली, "थांबा, दोरा राहिलाय," आणि कात्री आणायला वळली.

छातीवरच्या खिशाच्या शिवणीत निळा टाका. नीट गाठ मारलेला. आमच्या धाकट्याच्या हातून दोरा कधी राहून जात नाही.

मी म्हटलं, "राहू दे."

"अहो, लोक बघतील."

"बघू देत."

आत्याने दाराशी चष्मा वर करून तो टाका पाहिला आणि मला म्हणाली, "माझ्याही शालीला घाल म्हणावं एक. मोठ्ठा."

चर्चमध्ये पाळकांनी विचारलं, गृहपाठ कोणाकोणाचा पूर्ण झाला. पुढच्या बाकावरच्या दोघातिघांनी हात वर केले. मी माझे मांडीखाली दाबून ठेवले. गाणं सुरू होता होता धाकटा आला, नदीपलीकडून बस उशिरा मिळाली असणार, आणि माझ्या शेजारी सरकून बसला. त्याच्या अंगाला नव्या साबणाचा वास येत होता. पुस्तक उघडता उघडता त्याने माझ्या खिशाकडे पाहिलं.

"दिसला?" हळूच विचारलं त्याने.

"या वेळी दिसला," मी म्हटलं.